मगरीवरचा आळ

संग्रहालयात काचेमागे हत्तीचं एक हाड ठेवलंय, नदीच्या गाळात सापडलेलं, माणूस दगडाची हत्यारं वापरायचा त्या काळातलं. त्यावर खोल ओरखडे आहेत. खाली पाटी आहे : ‘हत्याराच्या खुणा असाव्यात, किंवा मगरीच्या दातांच्या.’

“मगरच असणार,” बायको म्हणाली. “एवढ्या मोठ्या जनावराला माणूस कशाला मारेल?”

मला चिखलात रुतलेला हत्ती दिसला आणि भोवती वाट पाहत बसलेली माणसं. कापायला लागण्याआधी त्यांनी त्याला मरू दिलं का, हे हाड सांगत नाही. पुरावा कमी पडला की आळ मगरीवर घ्यायचा. ती कुठे बोलणार आहे?

रविवार होता. परतताना मटणाच्या दुकानात थांबलो. एक बोकड सोलून टांगलेला, दुसरा त्याच्याच खाली उभा राहून पाला खात होता.

“याचं द्या,” खालच्याकडे बोट दाखवत बायको म्हणाली. “कोवळा दिसतोय. आणि नळ्या वेगळ्या काढा.”

जेवताना तिनं नळी ताटात आपटून आपटून चोखली आणि मागच्या दारी कुत्र्याला टाकली. सुऱ्याचे वार त्याच्या दातांखाली एकेक करून पुसले जाऊ लागले. पुढे कधी ते हाड कुणाला सापडलं, तर म्हणतील, कुत्रंच असणार.

ते आमच्याकडे बघून शेपूट हलवत होतं.