सातवा एकलाच

आमच्या नानासरांचे इलेक्ट्रॉन अहिराणी बोलायचे. एरवी सरांची मराठी अगदी इस्त्रीची, पण फळ्यावर कोबाल्ट आला की संपलं. "सात जन शेतस. थंडीमा जोड्या करीसन बसतस. कितल्याबी जोड्या लावा, सातवा एकलाच ऱ्हास." म्हणजे सातवा एकटाच राहतो. ऊब लागली की त्यातली एक जोडी फुटते, तीन इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि संयुग चुंबकाकडे जास्त ओढलं जातं. हे सांगताना ते इतके रंगायचे की आम्हाला हसूच आवरायचं नाही.

मी जामनेरची, त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. धुळ्याला देवपुरात आमची प्रयोगशाळा होती. सरांची बायको कधीच गेलेली, मुलगा परदेशात. लॅबमध्ये एकटे असले तरी ते कॅन्टीनमधून दोन चहा मागवायचे. "येईल गं कुणीतरी," म्हणायचे. बहुतेक वेळा कुणी यायचं नाही, आणि मला त्यांची फार कीव यायची.

सरांना निवृत्तीआधी एकच गोष्ट बघायची होती: आपण बनवलेलं संयुग तापमानाबरोबर पालटताना. ते मोजायचं यंत्र दूरच्या शहरात होतं आणि आमचा नंबर लागला नेमका मे महिन्यात. कुरियरवर सरांचा काडीचा विश्वास नव्हता. बाटली शर्टाच्या खिशात घालून ते स्वतः एसटीने निघाले, बरोबर मी.

पण वाटेत शेजारी जो बसेल त्याला ते बूच काढून भुकटी दाखवायचे. "हे थंडीत वेगळं, उन्हात वेगळं, बरं का भाऊ." कापसाचे व्यापारी, शाळामास्तर, सगळ्यांना. मी दोनदा टोकलं. "अगं माय, इतका वेळ माझं कोण ऐकतं?" ते म्हणाले. मग मी पुन्हा टोकलं नाही.

यंत्रावर सरळसोट रेघ आली; संयुग पालटलंच नव्हतं. स्फटिकातलं पाणी त्या उन्हात उडून गेलं होतं, आणि त्या पाण्याशिवाय जोड्या जमत नव्हत्या. सर नुसतं "हं" म्हणाले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले.

मी जळगावला नोकरीला लागले. तिथे तेच संयुग पुन्हा केलं, काचेत बंद करून पाठवलं. या वेळी रेघ थंडीत खाली बसली, उबेत चढली. कागद घेऊन मी तडक देवपूरला सरांच्या घरी गेले.

सरांनी चष्मा लावला, रेघेवरून बोट फिरवलं. "झालं की," म्हणाले. ते अजून काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "जळगावची शेवटची गाडी कितीला आहे?"

"रात्री आहे, सर."

"मग बस ना," ते म्हणाले. "सकाळपासून कुणी बोललं नाही."