हाकेला दोन तारा

जो स्वतः दिसत नाही आणि ज्याच्यावाचून काहीच दिसत नाही, जो तारेतून वाहतो आणि तारेला कळतही नाही, त्या दयाघनाला आधी वंदन. त्याच्याच उजेडात आता एका साध्या माणसाचे नाव घेतो: मोसुलच्या आमच्या गल्लीतला वायरमन, उस्ताद गझवान.

गझवान चार वर्षांचा असताना आई गेली आणि चौदा वर्षांची बदीआताई त्याची आई झाली. दुपार झाली की ती गच्चीवरून हाक मारी, "गझवान, जेवायला ये." हाक अशी खणखणीत की शेजारची मुलेही आपापल्या घरी पळत. पुढे त्याने घरासमोरच दुकान थाटले, केस पिकले, बायको देवाघरी गेली. दुपारची हाक मात्र पन्नास वर्षे चुकली नाही.

पण ताईचे यजमान याच घराच्या ओल्या अंगणात विजेच्या उघड्या तारेने गेले होते. तेव्हापासून तिने विजेला बोट लावले नाही. दिवा लावायचा तर लाटण्याच्या टोकाने. भाऊ वायरमन आणि बहीण लाटण्याने दिवा लावते, म्हणून गल्ली हसे. गझवान हसत नसे.

गेल्या हिवाळ्यात अर्धांगवायूने ताईची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. एके सकाळी ती पलंगावरून घसरली आणि दुपारपर्यंत थंड फरशीवर पडून राहिली. दहा पावलांवर भाऊ कुणाची तरी इस्त्री दुरुस्त करीत होता. हाक मारायला आवाज नव्हता. त्या दिवशी गझवानला घास गिळवला नाही.

त्याने घंटा करायला घेतली. घंटा दुकानात, बटण ताईच्या उशाशी. शहराची वीज येते-जाते, गल्लीतल्या जनरेटरची वीज पैसे भरून, अँपिअर मोजून मिळते. म्हणून त्याने विजेरीचे सेल घेतले. दोन सेलांनी घंटा नुसती कुजबुजली, कारण गल्ली ओलांडणारी लांब, बारीक तार प्रवाहाला अडवीत होती. चार सेल एकापुढे एक जोडले, ढकलणारा जोर वाढला आणि घंटा वाजू लागली. पण उशाशी तार पाहताच ताईने डोळे मिटले आणि चांगला हात दुलईत ओढला.

रोज ताट पोचवणारी शेजारीण उम्म लैथ दारातच होती.

"बिचारीला घाबरवताय कशाला, उस्ताद? आणि तारा दोन-दोन कशाला? नळाचं पाणी एकाच नळीनं येतं की."

"काल तुम्ही डोल्मा पाठवलात. ताट परत आलं ना?"

"आलं. वर खजूर घालून आलं."

"आणि आम्ही ताट ठेवूनच घेतलं असतं तर?"

"तर आज बसला असतात उपाशी."

"विजेचंही तुमच्यासारखंच आहे, उम्म लैथ. एका तारेनं जाते, दुसरीनं सेलकडे परत येते. परतीची वाट नसेल तर ती घरातून निघतच नाही. आणि हे बटण म्हणजे वाटेतला पूल. दाबलं की वाट जुळते, सोडलं की तुटते."

"म्हणजे वीज माझ्याहून मानी," उम्म लैथ म्हणाली.

मग गझवान ताईजवळ बसला. दुलईतून तिचा हात अलगद काढला. त्या हातात आईची जपमाळ होती, मधाच्या रंगाची, कहरुबाची. मराठीत ज्याला तृणमणी म्हणावे त्याची. त्याने एक मणी आपल्या लोकरी अंगरख्यावर घासला आणि केरसुणीच्या काडीच्या कणाजवळ धरला. कण उडाला आणि मण्याला बिलगला.

"कहरुबा म्हणजे गवत ओढणारा. त्यावरूनच आपण विजेला कहरबा म्हणतो. पन्नास वर्षं तू विजेवरच जप करतेयस, ताई."

ताईचे डोळे उघडले.

"भाऊजींना नेलं ती दोनशेवीस व्होल्टची. या चार सेलांत सगळे मिळून सहा. हे बघ." त्याने बटणाच्या तारांची दोन्ही उघडी टोके आपल्या कोरड्या चिमटीत धरली. तो तसाच बसून राहिला. मग तिने हात त्याच्या हातावर ठेवला, आणि तोच हात बटणाजवळ येताच मागे घेतला.

तीन दिवस घंटा मुकी होती. गझवान रोज छोटा दिवा जोडून सेल तपासी, दिवा लागे. सेल होते, तारा होत्या, जाण्याची वाट होती, येण्याची वाट होती. वर्तुळात उणे होते ते एक बोट.

चौथ्या दिवशी भर दुपारी घंटा खणखणली. गझवान हातातली पकड टाकून धावला, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. ताई पुन्हा पडली, हेच मनात. दारात पोचला तर ती उशीला टेकून नीट बसलेली, बोट बटणावर. तिने नजरेने उम्म लैथने झाकून ठेवलेले ताट दाखवले, मग त्याच्याकडे पाहिले.

ती हाक होती. जेवायला ये.

तो खाली बसला. पहिला घास ताईला भरवला, दुसरा स्वतः घेतला. समोरच्या दुकानात घंटा अजून वाजतच होती, कारण ताईने बोट उचलले नव्हते.

"उस्ताद, बटण सोडायला सांगा तिला," घंटा ऐकून आलेली उम्म लैथ म्हणाली, "सेल संपतील."

"संपू देत," तो भरल्या तोंडाने म्हणाला.

प्रभो, या भावाबहिणीच्या घराची जाण्याची वाट आणि परतीची वाट कधी तुटू देऊ नकोस. त्यांचे ताट रिकामे परतू नये, त्यांची दुपार हाकेवाचून जाऊ नये, आणि त्या घरावर तुझा उजेड अखंड राहो.