एकट्याला बसू न देणारी मावशी

परळच्या आमच्या चर्चमध्ये एकट्याने बसून उपासना करण्याची सोय नाही, आणि त्याला सर्वस्वी माझी मावशी जबाबदार आहे. दर रविवारी ती कडक इस्त्रीची साडी नेसून, गीतपुस्तकांची चवड घेऊन दारात उभी असते. एकट्याने येणाऱ्याचा ‘जय ख्रिस्त’ म्हणून धरलेला हात ती सोडत नाही. तसाच ओढत त्या माणसाला आत नेते आणि दोन कुटुंबांच्या मधे बसवते. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा बाक वर्षानुवर्षं ठरलेला. पण मावशी “सरका जरा, प्रभूने तुमच्या आजोबांना बाक लिहून दिलेला नाही,” म्हणाली की भलेभले सरकतात. पाळकसाहेबसुद्धा तिला वचकून असतात. एकदा काळाचौकीचा एक मिस्त्री पंखा दुरुस्त करायला आला होता. त्याने तोंड उघडायच्या आत मावशीने त्याला तिसऱ्या बाकावर कोंबलं. बिचाऱ्याने अख्खा उपदेश ऐकला. शेवटी पाहुण्यांनी उभं राहून नाव, गाव आणि इथे कसं येणं झालं ते सांगायचं, ही आमची पद्धत. तीही मावशीनेच सुरू केलेली. त्याला उभं केल्यावर तो चाचरत म्हणाला, “मी पंख्यासाठी आलोय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मावशीने त्याला चहा पाजला आणि तो शिडीवर चढल्यावर खाली शिडी धरून उभी राहिली, का तर तो वर एकटाच होता.

गेल्या वर्षी मात्र एक बाई तिच्या हातून निसटू लागली. चाळिशीची, अबोल. शेजारी कुणालाही बसवलं तरी पाहुण्यांची वेळ आली की गुपचूप निघून जायची. मावशीने हे फार मनाला लावून घेतलं.

“अगं, काम असेल काहीतरी,” मी म्हणालो.

“काम असलेला माणूस उपासनेत घड्याळ बघतो. ही बघत नाही. काहीतरी आपलंच चुकतंय.”

पुढच्या रविवारी शेवटचं गीत चालू असताना मावशी तिच्यामागोमाग बाहेर पडली. आशीर्वाद झाल्याशिवाय मावशीने चर्च सोडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून मीही धावलो. फाटकापाशी तिने त्या बाईला गाठलं.

“आमचं काही चुकलं का गं?”

“नाही हो मावशी. मी जालन्याकडची. मालक इथं दवाखान्यात हायेत, कॅन्सर हाय. चार माणसांत उभं राहून ते सांगायचं म्हटलं की रडू येतं.”

मावशीने तिचा हात घट्ट धरला. त्याच संध्याकाळी तिने कमिटीपुढे जाऊन जाहीर केलं की यापुढे पाहुण्याला उभं करायचं नाही. “अहो, पण ही पद्धत तुमचीच ना?” एक सभासद म्हणाले. “म्हणून तर बंद करायचा हक्क माझा,” मावशी म्हणाली. त्यानंतर तिने दार दुसऱ्यांवर सोपवलं आणि ती त्या बाईशेजारी शेवटच्या बाकावर बसू लागली. उपासना सुटली की दोघी पेजेचा डबा घेऊन दवाखान्यात जायच्या. त्या बाईच्या नवऱ्याची तब्येत सुधारत नव्हती तेव्हा ती बाई प्रार्थनेत मधेच थांबायची, आणि उरलेली प्रार्थना मावशी पुरी करायची. देवाशी इतक्या हट्टाने बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

सहा-सात महिन्यांनी उपचार संपले, गडी सावरला आणि दोघं गावी निघाली. दादरला बसपाशी त्यांना सोडायला आम्ही गेलो होतो. ती बाई मावशीच्या पाया पडली आणि म्हणाली, “आता तुमच्याशेजारी कोण बसंल हो?”

मावशी आपल्या खोलीत एकटी राहते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण हा प्रश्न तिला कुणी विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. मावशीने त्यांची पिशवी वर चढवली, “गोळ्या वेळेवर दे त्यांना,” म्हणाली आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिली. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी ती शेवटच्या बाकावर शेजारी पर्स ठेवून बसली होती. मी तिथे बसायला गेलो, तर म्हणाली, “तू पुढे जा. ही जागा धरलीय.”

“कुणासाठी?”

“मला काय ठाऊक?” दाराकडे बघत मावशी म्हणाली. “येईल कुणीतरी.”