कोटवाल्याचं शेवटचं पान

छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आम्ही परत निघालो, तेव्हा बापानं रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडून मला एक पुस्तक घेऊन दिलं. बाप अंगठाबहाद्दर. कव्हरवर कोट घातलेला माणूस दिसला, एवढ्यावरच घेतलं. म्हणे, "कोटवाला हाय, म्हंजे शिकलेला असन. वाच." कोटवाल्याच्या हातात पिस्तूल होतं, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. ती खुनाची रहस्यकथा होती. माझी चौथीही पुरी झाली नव्हती, तरी बोट ठेवून ठेवून सगळी वाचली, अन् मग तसलीच वाचत गेलो. पुढं बाप गेला. मी दिग्रसला बसथांब्याजवळ रहस्यकथा भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं, ते त्या एका पुस्तकापासून.

कोटवाल्याला एवढी मागणी, की साठ सालानंतर तो पुन्हा छापून आला तेव्हा मी दुसरी प्रत घेतली. भाड्याचं पुस्तक शंभर हातांतून जाणार. म्हणून मी पुठ्ठे लावायचो, आरीनं टोचून शिवायचो, कडा कापून सारख्या करायचो, पहिलं अन् शेवटचं पान मैद्याच्या खळीनं पुठ्ठ्याला चिकटवायचो, अन् जागोजागी दुकानाचा शिक्का. माझी बांधणी बैलगाडीखाली आली तरी सुटत नसे. दोन्ही कोटवाले असे बांधले अन् ते जुळे भाऊ होऊन बसले. बापाच्या पुस्तकावर मी खूण केली नव्हती. आपलं पुस्तक आपल्याला ओळखू येणार नाही काय, ही घमेंड.

मग एका ट्रक ड्रायव्हरनं त्यातला एक नेला, तो हैदराबादच्या रस्त्यानं गेला तो गेलाच. कोणता गेला? बायकोला मी छातीठोक सांगत आलो, "नवा गेला. बापाचा इथंच हाय." आतून मात्र खात्री नव्हती.

अशात पांढरकवड्याचे एक कंपाउंडर दुकानात आले. त्यांना रहस्यकथा जमवायचा नाद, अन् त्याही पहिल्या छपाईच्याच. त्यांनी कोटवाला उलटापालटा करून पाहिला.

"हे मागून छापलेलं दिसते, भाऊ."

"बापानं घेतलेलं हाय. पहिलंच."

"कशावरून?"

"मी म्हणतो त्यावरून!" बाकावरचे लोक हसले, तसा मी चढलो. "पहिलं निघालं तं घेऊन जा, फुकट!"

बायको मागं पुस्तकं शिवत बसली होती. माझ्या बापाला ती मामाजी म्हणायची. ती म्हणाली, "अवो, मामाजीच्या वस्तूवर पैज लावता काय?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पहिलं निघालं तर आता जाणार, नाही निघालं तर केव्हाच गेलेलं. पण शब्द सुटला होता.

कंपाउंडर म्हणाले, सुरुवातीच्या पानांवरून कळत नाही, पुन्हा छापताना ती जशीच्या तशी ठेवली. फरक शेवटच्या पानावर. तिथं पुढच्या पुस्तकाची जाहिरात. पहिल्या छपाईत 'लवकरच येत आहे', नंतरच्या छपाईत 'विक्रीस तयार'. अन् तेच पान मी पुठ्ठ्याला चिकटवून ठेवलेलं.

चहावाल्याची किटली आणली. पुठ्ठा वाफेवर धरला. खळ सुटता सुटेना.

"काय लावलं बुवा, डांबर?" कंपाउंडर वैतागले.

जन्मात एकदाच मला माझ्या खळीचा राग आला. शेवटी कोपरा उचलला, मग पान आलं. कंपाउंडरच्या आधी मी बोट ठेवून वाचलं. लवकरच येत आहे.

बापाचंच! मग मी पुस्तक कंपाउंडरपुढं धरलं. शब्द म्हणजे शब्द. हात मात्र सोडत नव्हता.

त्यांनी ओढूनच घेतलं. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, शिक्के पाहिले अन् तोंड कडू केलं.

"पहिलंच हाय. पण तुम्ही याचा जीव घेतला ना राजेहो! कडा कापल्या, पानोपानी शिक्के. हे माह्या कपाटात ठेवलं तं बाकीची पुस्तकं रडतील. ठेवा तुमच्याचपाशी."

एरवी माझ्या बांधणीला कोणी नाव ठेवलं असतं तर भांडलो असतो. त्या दिवशी मी त्यांना त्याच किटलीतला चहा पाजला, वरून भजीही मागवली.

कोटवाला भाड्यातून काढला. बायको म्हणाली, "आता तरी नाव टाका त्याच्यावर."

"कायले? ओळखू येते मले."

शेवटचं पान तेवढं पुन्हा चिकटवलं नाही.