दुधी डोळ्यांची मासळी
बर्फ वितळून ओल्या झालेल्या मातीचा वास आला की मला परदेशातल्या आमच्या शॉमबर्ग गावापासून दोन तासांवरची ती नदी आठवते. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते आणि दिवसदिवस बोलत नसत. मार्चमधल्या एका सकाळी शेजारचे म्हातारे गृहस्थ आम्हाला वॉलआय नावाचे मासे पकडायला घेऊन गेले. वारा इतका गार होता की बोटं बधिर झाली. तासाभराने बाबांच्याच गळाला एक मोठी मासळी लागली. तिचे डोळे दुधी काचेसारखे चमकत होते. "आंधळी आहे का ही? विचार त्यांना," बाबा मला म्हणाले. शेजारी हसले, गढूळ पाण्यात, अंधारातही तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतं, असं त्यांनी सांगितलं. बाबा वाकून तिच्या डोळ्यांत बघत राहिले. मग तिच्या पोटावरून बोट फिरवून म्हणाले, "गाभोळीने भरलीय. सोडू या." माशाच्या अंड्यांची गाभोळी म्हणजे खरं तर त्यांचा जीव की प्राण. त्यांनी स्वतःच तिला अलगद पाण्यात सोडलं आणि परतताना गाडीत प्रश्नांचा सपाटा लावला: ही अंडी कुठे घालते, पिल्लं किती जगतात, पुढच्या वर्षी इथेच येते का? मी दोघांमध्ये भाषांतर करत होतो. त्यातलं एकही उत्तर आज मला आठवत नाही. मी फक्त बाबांचा आवाज ऐकत होतो.