पडद्यावरची पाठ

पडद्यावर एक बाई रस्त्याचा दुभाजक चढत होती. व्हिडिओ मागून काढलेला. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डब्याच्या पिशवीचा बंद दातांत धरलेला. दोन्ही हात वर करून तिनं लोखंडी गज पकडला, पाय टाकला. पाय निसटला. ती खाली आली आणि पुन्हा चढली. सभागृह हसलं.

मंचावरच्या साहेबांनी व्हिडिओ थांबवला. नेमका तिथं, जिथं ती दुभाजकावर आडवी अडकली होती.

"आता सांगा," ते माइकवर म्हणाले. "कितीही निधी आणा, कितीही चांगला रस्ता बांधा. याला काय करणार?"

पुन्हा हशा. मागून कुणीतरी म्हणालं, "काय स्टंट आहे राव."

त्या बाईनं साडीवर निळा शर्ट घातला होता. हात वर गेले तसे दोन्ही काखांमध्ये पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. तो शर्ट माझा होता. दहावीच्या गणवेशाचा. आईला तो आवळायचा म्हणून तिनं शिवणी उसवून आत पांढरं कापड लावलं होतं. कंपनीत झाडूपोछा करताना साडी खराब होऊ नये म्हणून ती तो वर घालते.

पडद्यावर माझी आई होती. तोंड दिसत नव्हतं. फक्त पाठ.

मी तिथं कशी पोचले ते आधी सांगायला हवं. चिंचवडच्या त्या सभागृहात आमच्या सगळ्या औद्योगिक पट्ट्याच्या वाहतूक आराखड्याची जनसुनावणी होती. उड्डाणपूल कुठं, रुंदीकरण कुठं, पैसा कशावर खर्चायचा, हे लोकांना विचारून ठरवायचं, असं बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं. लोक येत नाहीत. मग कॉलेजांना कळवतात. आमचे सर समाजसेवेच्या तासांत आम्हाला घेऊन गेले. एकसारखे पांढरे टी-शर्ट दिले, नाश्त्याचं पाकीट दिलं. "मागच्या रांगा भरा. फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत," सर म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आमच्या घरातून एवढ्या मोठ्या एसी सभागृहात बसलेली मी पहिलीच.

आधी चित्रं दाखवली. रंगीत. पुलाखाली हिरवळ, रुंद पदपथ, त्यावरून चालणारी माणसं. एकाच्या हातात कुत्र्याचा पट्टा होता. डबा कुणाच्याच हातात नव्हता. मला ती चित्रं आवडली होती. मग तो व्हिडिओ लागला.

आम्ही परभणीकडचे. महाळुंग्यात भाड्याच्या खोलीत राहतो. खोली रस्त्याच्या अलीकडे, कंपनी पलीकडे. गेट खोलीच्या दारातून दिसतं. कंपनीची बस आहे, पण ती कायम कामगारांची. आईसारखी ठेकेदाराची माणसं त्यात बसत नाहीत. बसली तर उतरवतात. मधे दुभाजक आहे, आणि वळायची जागा पार पुढच्या चौकात. तिथवर जायचं तर कंटेनरच्या चाकांशेजारून, गटाराच्या काठानं. म्हणून बायकांनी एक जागा शोधली होती. तिथले दोन गज कुणीतरी कधीतरी वाकवलेले. चाळीतल्या सगळ्या बायका तिथूनच जातात. त्या जागेला त्या 'फट' म्हणतात. "फटीपाशी थांब गं," असं एकमेकींना सांगून निघतात. एकटी कुणी ओलांडत नाही. एकीनं रस्त्याकडे बघायचं, बाकीच्यांनी चढायचं, मग पलीकडे आधी पोचलेलीनं तिच्यासाठी बघायचं. अशी त्यांची पद्धत. व्हिडिओत ते नव्हतं. तेवढं कापलं होतं.

सूचना मांडायला सांगितलं तेव्हा मी हात वर केला. सरांनी मान हलवून नाही म्हटलं. तरी मी उभी राहिले. माइक हातात आला.

"संस्था कोणती?" साहेबांनी विचारलं.

"संस्था नाही सर. मी महाळुंग्यात राहते."

"जमीन बाधित होतीय का? घर, दुकान?"

"नाही. भाड्यानं राहतो आम्ही."

पुढच्या रांगेत पांढऱ्या कपड्यातले एक बागायतदार बसले होते. ते मागं वळले. "जमिनी आमच्या गेल्या रस्त्यात, आन् रस्ता आता भाडेकरू आखणार व्हय?" शेजारचे हसले.

मी म्हणाले, "सर, तिथं पायी जाणाऱ्यांना ओलांडायला वाट नाही. वाट द्या. व्हिडिओतली बाई माझी आई आहे."

सभागृह शांत झालं. मला वाटलं, आता समजेल त्यांना. खरंच वाटलं.

साहेब चिडले नाहीत. हसले. अगदी मायेनं म्हणाले, "बेटा, तू शिकतेस ना? छान. मग घरी जा आणि आईला रस्ता ओलांडायला शिकव."

टाळ्या वाजल्या. माझ्या रांगेतही वाजल्या. मी बसले. साहेब शेजारच्या माणसाला म्हणाले, "या मुलीची सूचना नोंदवून घ्या."

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"लोकं हासले का?"

"हो."

"किती येळ?"

तिनं भाकरी उलटली. "खाली पडले असते तर हासले नसते," ती म्हणाली.

पादचारी पुलाचं मी पुढं विचारत राहिले. कार्यालयात गेले. त्यासाठी तरतूद नाही, आराखडा मंजूर झाल्यावर बघू, असं उत्तर मिळालं. पण एका सकाळी फटीपाशी वेल्डिंगचा गाडा आला. वाकलेले गज कापले. त्या जागी आणि पुढं चौकापर्यंत डोक्याहून उंच जाळी लावली. वर टोकदार पाती. या कामाला पैसा होता. कुठल्याशा सुरक्षेच्या खात्यात पडूनच होता म्हणे.

जाळीवर फलक लावला. एका जागरूक विद्यार्थिनीच्या सूचनेनुसार धोकादायक ठिकाण बंद करण्यात आले आहे.

विद्यार्थिनी म्हणजे मी.

चाळीतल्या बायकांनी मला काही म्हटलं नाही. आईला म्हटलं. नळावर, सगळ्यांसमोर. "तुझ्या पोरीला कॉलेजात घातलं, तिनं आमचीच वाट लावली की." एकजण म्हणाली, "तुमचं काय बाई, तुमची पोरगी आता साहेबीण हाय." आईनं हंडा उचलला आणि ती निघून आली. त्या दिवसापासून तिच्यासाठी रस्त्याकडे बघायला कुणी थांबत नाही. चौकापर्यंत ती एकटी चालते. दोनदा गेटवर उशीर झाला. तिसऱ्यांदा ठेकेदाराच्या माणसानं आत घेतलं नाही. त्यानं तिला नंतर घेतलं, पण झाडूपोछ्याला नाही. ऑइलचे ड्रम धुवायला.

मग सरांचा फोन आला. आवाज गोड होता. जाळीचं उद्घाटन आहे, साहेब येणार आहेत, तुझा सत्कार आहे. "प्राचार्यांनी मुद्दाम नाव दिलंय तुझं. कॉलेजचं नाव होईल. आईलाही आण, फोटो चांगला येईल."

मी गेले. आईला नेलं नाही. जाळीसमोर मांडव होता, समोर पांढऱ्या टी-शर्टमधली मुलं खुर्च्या भरून बसली होती. पलीकडे कंपनीचं गेट. जाळीतून त्याचे चौकोनी तुकडे दिसत होते. साहेबांनी माझ्यासमोर गुलाब धरला. फोटोवाला म्हणाला, "ताई, इकडं बघा. हसा जरा."

मी गुलाब घेतला नाही. हात पाठीमागे बांधले. साहेबांचा हात तसाच राहिला. माइक जवळच होता. मी तो तोंडाशी ओढला.

"मी वाट मागितली होती. तुम्ही होती ती बंद केली. याचा सत्कार मला नको. फलकावरची ती विद्यार्थिनी मी नाही. तो फलक आज काढा."

सरांनी माझ्या दंडाला धरून खाली आणलं. "अक्कल आहे का? तुझ्यासारख्यांना इथपर्यंत आणायचं आणि तुम्ही हे करायचं. अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत, विसरू नकोस."

मागं साहेब माइकवर म्हणत होते, "मुलं भावनिक असतात." लोक हसले. तोच हशा. आता मी तो ओळखते.

फलक काढला नाही. सरांनी अंतर्गत गुण खरंच कापले. चाळीतल्या बायका अजून आईशी बोलत नाहीत. आई रोज गटाराच्या काठानं जाते. संध्याकाळी तिच्या हातांना ऑइलचा वास येतो, साबणानं जात नाही. यातलं काहीही मी बोलल्यामुळं बरं झालेलं नाही. पण एवढं मला कळलं, की सभागृहात आम्हाला खुर्च्या भरायला नेतात आणि लोकांना हसायला पडद्यावर आम्हालाच दाखवतात. दोन्हीकडे आम्हीच लागतो. तोंड मात्र कुणाचं दिसू द्यायचं नसतं.

आराखड्याची पुढची सुनावणी लागली आहे. सरांनी यादीतून माझं नाव काढलं. बरं केलं. मला तो टी-शर्ट घालायचा नाही.

काल आईला म्हणाले, "तू चल."

"मी काय करू तिथं? मला बोलता येत न्हाई."

"बोलू नकोस. पहिल्या रांगेपुढं जाऊन उभी राहा. तो शर्ट घालून."

तिनं हात पुसले. मग दोरीवरचा शर्ट काढला आणि काखेतल्या उसवलेल्या पट्टीला टाका घालायला बसली.

तिची पाठ बघून ते हसले. आता तिचं तोंड बघून हसून दाखवा म्हणावं. मी तिच्या शेजारी उभी असेन, आणि कोण कोण हसतं ते बघेन.