बदली येईपर्यंत

तुमच्या या पानावरचे अनुभव मी दुपारी भांडी झाली की मोबाइलवर वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसते. रागावू नका... आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्याच्या गल्लीत कुणाला 'बाहेरचं' झालं म्हटलं की "आधी दवाखान्यात न्या" म्हणून ओरडणारी बाई मीच. शेजारणीने सुनेला भगताकडे नेलं तेव्हा मी तिच्याशी कित्येक दिवस बोलत नव्हते. आता मीच लिहायला बसले आहे, म्हणजे हसायची पाळी तुमची. हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आम्ही मूळचे खानदेशातले, शिंदखेड्याकडचे. माझे मालक सुरतेत कापड विणायच्या एका लूमच्या कारखान्यात आधी कारागीर होते, मग मास्टर झाले. सगळे त्यांना मास्टरच म्हणायचे, मीसुद्धा. लूमवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जातात, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कारखान्यात एवढा खडखडाट की शेजारच्याचं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. चिमटीने ओढल्यासारखं केलं म्हणजे धागा तुटला. मनगटावर मनगट ठेवलं म्हणजे लूम बंद कर. स्वतःच्या खांद्यावर दोनदा थाप मारली म्हणजे बदली – पुढच्या पाळीचा माणूस, जो आपल्या जागी येऊन उभा राहणार.

मास्टरांचे कान गेले तशी ही भाषा आमच्या घरात आली. भांडणंही हातांनीच. भाजीत मीठ कमी आहे का विचारायला मी चिमूट दाखवली की हे मुद्दाम ओरडणार, "कोन्ता लूमना धागा तुटना?" आणि माझी कटकट फार झाली की सरळ डोळे मिटून बसणार. बहिऱ्या नवऱ्याने डोळे मिटल्यावर बायकोने करायचं काय!

बदलीवरून तर आमची फार भांडणं झाली. बदली आल्याशिवाय चालता लूम सोडायचा नाही, हा कारखान्याचा नियम. बदली दांडी मारायचा आणि हे दुसरी पाळीही उभे. मी त्या न आलेल्या माणसाला घरात बसून शिव्या घालायची. हे म्हणायचे, "तो उना नही म्हनीसन मी निंघी जाऊ का?"

सापुतारा आम्ही राहायला निवडलं ते हौसेने नाही, हॉर्नमुळे. जुने लूम भंगारात गेले, मास्टर घरी बसले, आणि गोडादऱ्याच्या रस्त्यावर एकदा रिक्षा त्यांना घासून गेली. दुसऱ्यांदा टेम्पो. मागून येणारं काहीच ऐकू येत नव्हतं. आमचा मुलगा दिनेश त्यांना घराबाहेर पडू देईना, आणि कोंडलेला माणूस घरात चिडचिड करू लागला. मागे एकदा कारखान्याची सहल सापुताऱ्याला गेली होती, ते तलावाकाठचं चालणं यांच्या मनात बसलं होतं. शनिवार-रविवार सोडला तर तिथे गाड्या नाहीत, ऊन मऊ, माणसं कमी. मी चिडवलं, "लोक म्हातारपणी काशीला जातात, आपण पेडलबोट बघायला जाऊ." पण मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

ठरलं ते असं – आधी हिवाळाभर भाड्याने राहून बघायचं, करमलं तर कायमचं. वघईच्या पुढे घाट चढून गेलं की सापुतारा. तलावापासून जरा चढावर, हॉटेलांच्या मागे एका बाईचं घर होतं, तिच्या दोन खोल्या घेतल्या. पहिले दिवस इतके छान गेले की मी दिनेशला फोनवर सांगून टाकलं, आमचं सामान आता पाठवूनच दे. मास्टर सकाळ-दुपार तलावाला फेरी मारायचे, हॉर्नची भीती नाही. रंग सुधारला होता त्यांचा.

मग एका दुपारी आम्ही कठड्यावर बसलो होतो. आडवार होता, बोटी बांधून ठेवलेल्या. शेंगा सोलता सोलता मी बघते तर मास्टरांचा हात वर... तळहात हलवून समोरच्या काठाला विचारताहेत, काय झालं?

"कोनशी बोली ऱ्हायनात?" मी हाताने विचारलं.

"तठे तो मानूस शे ना. आपला लूमवाला शे." आवाज नेहमीसारखा मोठा, आणि तोंडावर किती आनंद! "दखाई नही ऱ्हायना का तुले? बनियनवर उभा शे. डोकामा रुई शे."

पाळी सुटल्यावर कारागिरांच्या केसांत कापसाचे तंतू बसलेले असतात, ते मला माहीत आहे. पण समोर मला फक्त झाडं दिसत होती आणि एक वासरू. मला वाटलं, आता नजरही चालली. आणि भीतीपेक्षा जास्त वाईट हे वाटलं की हातांनी बोलणारं कुणी मिळावं म्हणून हा माणूस किती आसुसला असेल!

पुढे रोज तेच सुरू झालं. रोज दुपारी ते कठड्यावर बसणार आणि पलीकडे हात करणार. फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू आपल्याला ऐकू यावी तसं माझं झालं होतं... यांचे हात मी वाचत होते, समोरचे नव्हते. 'काय झालं?' 'बदली नाही आला?' 'अजून नाही?' मग हळहळल्यासारखी मान. मी विचारलं तर म्हणाले, बिचाऱ्याचा बदलीच येत नाही, कधीचा उभा आहे.

मी घरमालकिणीला विचारलं, इथे कुणी सुरतचा कारागीर तलावात गेला होता का कधी. ती म्हणाली, "नाही ओ ताई, मला तर असं काही आठवत नाही. इकडे लूम कुठलं आलं?" दिनेशला फोन केला. तो आमच्याशी अर्ध्या गुजरातीतच बोलतो. "उंमरना लीधे थाय, मम्मी. पप्पाला इकडे घेऊन ये, डॉक्टरला दाखवू." वयामुळे होतं असं, हे मलाही पटलं. पण जायच्या आधी मला यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं की तिकडे कुणी नाही. हट्टीपणात आम्ही दोघं सारखेच.

दुसऱ्या दिवशी त्यांना कठड्यावर बसवलं आणि काही न सांगता तलावाला वळसा घालून मी पलीकडे गेले. लख्ख ऊन होतं. ज्या झाडाकडे ते बघायचे त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. कुणी नव्हतं. मी हात वर करून त्यांना दाखवलं – बघा, रिकामं!

आणि माझ्या पायांना थरथर लागली.

कारखान्याच्या बाहेरच्या ओट्यावर बसलं की आतले लूम पायाखाली जाणवतात, तशी. चपलेतून वर चढत होती. आवाज मात्र काहीच नाही. मी समोर बघितलं तर मास्टर उभे राहिले होते, आणि माझ्याकडे बघत नव्हते... माझ्या शेजारी बघत होते. दोन्ही हात जोरात हलवत होते. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं, स्वतःच्या खांद्यावर दोनदा थाप मारली आणि मान हलवली – नाही. ही बदली नाही. पुन्हा तेच, पुन्हा नाही. मी किंचाळले, "अहो, काय करताय!" पण ऐकणार कोण? मग ते क्षणभर थांबले. हात छातीवर ठेवला. खांद्यावर दोन थापा मारल्या.

बदली मी.

त्यांचा हात खाली आला आणि माझ्या पायाखालची थरथर बंद झाली.

मी धावत परत आले. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. त्यांना गदागदा हलवलं, काय कबूल करून बसलात म्हणून विचारलं, हातांनी, तोंडाने, रडून. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "तू जठे उभी ऱ्हायनी ना, ती बदलीनी जागा शे. तो तुना हातमा लूम दी ऱ्हायंता. मंग मी काय करू?"

त्याच दिवशी जी गाडी मिळाली तिने आम्ही सुरतेला आलो. ते नाही म्हणाले नाहीत, खिडकीतून मागे वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी तपासलं, औषधं लिहून दिली, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. नातवंडाला खांद्यावर घेऊन ते गल्लीत फिरायला लागले. मीच स्वतःला वेडी म्हणून घेतलं.

मग एका सकाळी त्यांनी अंघोळ केली, दाढी केली, कारखान्यात घालायचे तो जुना शर्ट शोधून अंगात घातला आणि मला म्हणाले, "डबा भर." मला वाटलं, थट्टा. बरं वाटलं की थट्टा सुचते आहे माणसाला. मी पण ऐटीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरून डबा हातात दिला. "उशीर करू नका," म्हटलं. ते हसले. दाराशी खुर्ची टाकून बसले. मी नळाचं पाणी भरून आले तेव्हा डबा मांडीवर होता आणि माणूस गेलेला होता. डॉक्टर हार्ट म्हणाले. असेलही. माझ्याकडे त्याविरुद्ध सांगायला काय आहे?

दिवसकार्य झाल्यावर सापुताऱ्याच्या खोल्या रिकाम्या करायला म्हणून मी आले. आले ती इथेच राहिले. दिनेश रागावला, सून रडली, गल्लीतल्या बायका म्हणाल्या हिच्या डोक्यावर परिणाम झाला. ज्या जागेने नवरा घेतला तिथे कोण राहतं! मी काय सांगणार? रोज दुपारी कठड्यावर बसते. समोर झाडं दिसतात, बाकी काही दिसत नाही. पलीकडे जाऊनही उभी राहिले. थरथर नाही, काही नाही. महिने गेले तसं मलाच वाटायला लागलं की योगायोग होता, शोकाने बाई वेडावली, बास. सामान बांधायलाही घेतलं होतं.

मागच्या रविवारी तलावावर गर्दी होती. सगळ्या सुरतेच्या गाड्या. माझ्या शेजारी एक तरुण माणूस बायको-मुलीबरोबर मक्याचं कणीस खात बसला होता. बोलण्यावरून विदर्भातला वाटला. खाता खाता त्याने हात वर केला आणि तळहात हलवला... काय झालं?

मी त्याच्याकडे वळले. मी विचारलं, "बाळा, तू लूमवर आहेस का?"

"हो मावशी. सुरतेजवळ, कडोदऱ्याला. ते काका बघा ना, तिकडून कवाचे हात करून राहिले."

"काय म्हणतात?"

त्याने तळहात उभा धरून पुढे ढकलला. "जा म्हणून राहिले."

"तुला?"

त्याने पुन्हा पलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही मावशी. तुमच्याकडे पाहून."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "खांद्यावर थाप मारतात का?"

तो बराच वेळ बघत राहिला. "नाही ना. एकदाही नाही. उलट लूम बंद कर, बंद कर म्हणून राहिले... तुमच्या वळखीचे आहेत का?"

मी त्याला म्हटलं, पोरीला घे आणि निघ, पलीकडच्या काठाला जाऊ नकोस. तो माझ्या तोंडाकडे बघून घाबरला असावा, निमूट उठून गेला. मी समोर बघत बसले. मला झाडंच दिसत होती.

याचा अर्थ मला लागलेला नाही. तो कडोदऱ्याचा पोरगा मला ओळखत नव्हता, मी त्याला ओळखत नव्हते, आणि माझ्या घरातली गोष्ट मी इथे कुणाला सांगितलेली नाही. तुमच्यापैकी कुणी शिकलेल्या माणसाने समजावलं तर मी ऐकेन. दिनेश रोज फोन करतो, मम्मी, परत कधी येणार. मी म्हणते, येते. बांधलेलं सामान मी सोडून ठेवलं आहे. ते जा म्हणतात आणि बदली मागत नाहीत, मागणारही नाहीत, आणि बदलीशिवाय लूम सोडणारही नाहीत, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून तर मला जाता येत नाही.